महालातला वॉक आणि सहाव्या थांब्यावर बंद झालेली दिंडी

मागच्या महिन्यात उमरेड आणि भंडाऱ्याहून दोघांनी नागपुरातल्या महाल या जुन्या भागातल्या आमच्या वॉकचा रूट मागितला, त्यांना आपापल्या गावात जुन्या इमारती दाखवत लोकांना फिरवायचंय. कागद पाठवला मी, पण पाठवल्यावर रात्रभर वाटत राहिलं की नुसता रूट हातात देणं बरोबर नाही, तो रूट आधी कसा होता आणि एका रविवारी त्याचं काय झालं हे सांगितल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही. म्हणून हे प्रकरण सगळंच्या सगळं लिहून काढतोय. नाव कोणाचंच लिहीत नाही, वाडा कोणता तेही नाही, महालात राहणाऱ्यांना कदाचित कळेल, तर त्यांनी ते आपल्याजवळच ठेवावं ही विनंती.

आम्ही तिघं. मी बँकेत आहे, एक मैत्रीण आर्किटेक्चर शिकवते, आणि तिसरा मित्र महालातच जन्मला वाढला, आता मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहतो. नागपुरात जुनी इमारत म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिव्हिल लाइन्स येतं, हायकोर्टाची ती घुमटाची १९४० सालची इमारत, विधान भवन, जीपीओ, फारतर १९२५ ला सुरू झालेलं रेल्वे स्टेशन आणि झिरो माइलचा खांब. सगळं इंग्रजांच्या काळातलं. पण नागपूर हे गाव म्हणून जिथं सुरू झालं तो महाल लोकांना माहीत आहे तो लग्नाची खरेदी आणि ट्रॅफिक यासाठी. माझ्या ऑफिसातल्या एका पोरीनं मला विचारलं होतं, महालात पाहण्यासारखं काय आहे सर, आणि ती अयोध्यानगरची, म्हणजे बाजूचीच. ते मला लागलं होतं.

आणि खरंच एवढ्या लहान जागेत इतकं आहे! देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, १७०२ च्या सुमारास इथली बारा खेडी जोडून शहर वसवलं, मग त्याच्यानंतरच्या राजानं, चांद सुलताननं, राजधानी इथं आणली, तट बांधला, शहराला पाणी मिळावं म्हणून जुम्मा तलाव केला, तोच आजचा गांधीसागर, कोणी शुक्रवारी तलावही म्हणतं. चांद सुलतान गेल्यावर घरातल्या भांडणात राणीनं रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांकडे आली. ती राहिली ११ डिसेंबर १८५३ पर्यंत, त्या दिवशी तिसरे रघुजी वारले, वारस नाही म्हणून पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. गोंड, भोसले, इंग्रज, सगळे थर पायी अर्ध्या तासात पार होतात. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता, लाकडावर भरपूर कोरीव काम होतं, १८६४ च्या आगीत जळाला आणि उरला तो मोठा दरवाजा, नगारखाना. काळा दगड इथलाच, नागपूर बसलंय ते दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेकडच्या काठावर, कामठीकडे गेलं की लगेच वालुकाश्म सुरू होतो. हे मैत्रिणीनं सांगितलं तेव्हापासून मी कुठल्याही जुन्या पायरीकडे आधी दगड कोणता म्हणून पाहतो.

तर रूट आम्ही असा आखला. टेबलावर नकाशा, हातात जुन्या इमारतींची यादी, आणि जिथं जिथं इमारत तिथं तिथं टिंब. चौदा टिंबं झाली. गांधी गेटपासून सुरू, चिटणीस पार्क, बडकस चौक, कल्याणेश्वर, नगारखाना, भोसले वाडा, रुक्मिणीचं देऊळ, मधे चार-पाच खाजगी वाडे, टाउन हॉल, असं करत परत तलावावर. वेळ साडेतीन तास धरला. त्या खाजगी वाड्यांत कोण राहतं, त्यांना विचारायचं का, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. मित्र म्हणाला होता, अरे मी लहानपणी सगळीकडे खेळलोय, मला कोण अडवते. आम्ही त्यावर विसंबलो.

डिसेंबरचा तिसरा रविवार होता. नागपुरात असं फिरायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने, नंतर ऊन चालू देत नाही. वीस लोक येतील म्हणून तयारी, आले अडतीस. सात वाजता जमायचं होतं, जमता जमता पावणेआठ. गांधी गेटापाशी मी बोलायला लागलो, हातात छोटा माइक-स्पीकर. या जागेबद्दल मला बोलायला आवडतं कारण सीताबर्डीची लढाई, २६-२७ नोव्हेंबर १८१७, ही सगळ्यांना माहीत असते पण पुढचं कोणी सांगत नाही. भोसले राजा आप्पासाहेब इंग्रजांच्या हाती गेल्यावरसुद्धा भोसल्यांच्या चाकरीतले अरब शिपाई शहर सोडायला तयार नव्हते, २४ डिसेंबरला इंग्रजी फौजेनं याच गेटावर, म्हणजे तेव्हाच्या जुम्मा दरवाज्यावर, हल्ला चढवला आणि तो परतवला गेला, महिनाअखेर अटी ठरल्या तेव्हा कुठं अरबांनी शहर सोडलं. जिथं आज ई-रिक्षावाले सवारीसाठी ओरडतात तिथं हे झालंय. लोक एकदम शांत झाले होते ऐकताना, दूधवालाही गाडी थांबवून उभा राहिला, मला भरून आलं. पण त्या नादात पंचवीस मिनिटं तिथंच गेली.

पुढे प्रत्येक थांब्यावर तेच. मैत्रीण सज्जे आणि महिरपी दाखवायची, मित्र लहानपणच्या गोष्टी सांगायचा, मी सनावळी. नगारखान्यापर्यंत पोचलो तेव्हा सव्वानऊ, ऊन चढलेलं, दुकानांची शटर वर जाऊन राहिली होती, हॉर्न सुरू, मागच्या दहा लोकांना काहीच ऐकू येत नव्हतं, दोन काकू बसायला जागा शोधत होत्या आणि एक लहान पोट्टा पोहे पोहे करून रडत होता.

सहावा थांबा म्हणजे हा वाडा. बाहेरून बघण्यासारखा आहेच, उंच जोतं, काळ्या दगडाच्या पायऱ्या, सागवानी दार आणि त्यातली दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, वर माडीचा सज्जा. एक बाजू मात्र सिमेंटनं लिंपलेली. मी स्पीकरवर म्हटलं, आणि हे वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं कारण नंतर ते मला खूपदा ऐकवलं गेलं, "असे वाडे शहराचा ठेवा आहेत, पण मालक लोकांना त्याची किंमत नाही, हे सिमेंट पाहा, उद्या इथं फ्लॅट स्कीम उभी राहील." मालक काका वर सज्ज्यातच दात घासत होते.

ते खाली येईपर्यंत आमच्यातले दहा-बारा जण उघड्या दिंडीतून आत गेलेले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, पण कोणी थांबवलंही नाही. आतल्या चौकात आजी न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या, पलीकडे भाडेकरूंचा स्वयंपाक चालला होता, ओसरीत तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, जुना लाकडी बैल उभा होता, चाकांचा, कमरेएवढा उंच, नागपुरात मानतात की तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींच्या काळात सुरू झाला, तर अशा बैलांचं लोकांना अप्रूप असतंच. बैलाचे फोटो, बैलावर हात ठेवून फोटो, आणि मग चौकाचे फोटो, ज्यात आजी.

काका बनियनवर, ब्रश हातात. मला म्हणाले, "किंमत नाही म्हणता? या, आत या, किंमत दाखवतो. मागच्या साली छपराचे कवेलू फेरायला किती लागले माहीत आहे तुम्हाला? तुम्ही दिले का? तुम्ही इथं येऊन काय करून राहिले, लोकांना आमचं घर दाखवून राहिले का आम्हाला नालायक म्हणून राहिले?" मी काका काका करत राहिलो, माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, अहो कोण आहेत हे, फोटो काढतायत, आणि काकांचा पारा गेला. त्यांनी दिंडी लावून घेतली. आतल्या आमच्या लोकांना मागच्या बोळातून एकेक करून बाहेर काढलं. वॉक तिथंच संपला. आठ थांबे राहिले ते राहिलेच, अर्धे लोक तर्री पोहे खायला गेले, अर्धे पार्किंगकडे. संध्याकाळी आजींचा ओल्या केसांचा फोटो एका ग्रुपवर फिरत माझ्यापर्यंत आला, खाली लिहिलेलं, जुन्या नागपूरचं जिवंत चित्र. ज्यानं टाकला त्याला फोन करून काढायला लावला, पण तोवर किती जणांकडे गेला असेल कोण जाणे.

आमच्या तिघांत त्या रात्री बरंच झालं. मित्राचं म्हणणं काका तापट आहेत, पहिल्यापासूनच. मैत्रीण म्हणाली गर्दी नेमून दिली असती तर काही झालं नसतं. मला वाटत होतं की गर्दी, उशीर, माइक हे सगळं खरं, पण वीसच लोक असते आणि वेळेवर पोचलो असतो तरी ते वाक्य मी बोललोच असतो, आणि ते वाक्यच चुकीचं होतं. आपण ज्याला टिंब समजलो ते कोणाचं तरी घर आहे, आणि त्या घराचा सगळा खर्च तो माणूस करतो, आपण दहा मिनिटं उभं राहून त्याच्यावर शेरा मारून पुढे जाणार.

दहा दिवसांनी मी एकटा गेलो, सकाळी, फोन करून. माफी मागितली, आजींची वेगळी मागितली. काकांनी चहा दिला आणि मग दोन तास वाडा दाखवला, आणि त्या दोन तासांत जेवढं शिकलो तेवढं मी पाच वर्षांत वाचून शिकलो नव्हतो.

पहिलं सिमेंटचं. मी ज्या भिंतीकडे बोट दाखवलं ती वडिलांच्या काळात लिंपलेली, कारण चुन्याचं काम करणारा गवंडी मिळेना. भिंत आतून पातळ विटांची आणि चुन्याची. चुना पाणी ओढतो आणि सोडतोही, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. वरून सिमेंट थापलं की पायातून चढलेली ओल बाहेर पडायची बंद होते, मग ती आतल्या बाजूनं वर वर जाते, खालून लोणा लागतो, म्हणजे भिंतीला खार फुटतो, प्लास्टर फुगतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुळयांची टोकं, जी भिंतीत घुसवलेली असतात, ती ओल्यात राहून कुजतात. काकांनी एका तुळईला मधोमध टिचकी मारली, ठणठणीत सागवान, मग भिंतीजवळ मारली, पोकळ आवाज. उधईनं, म्हणजे वाळवीनं, उरलेलं काम केलेलं. म्हणजे छत पडतं ते मधून नाही, टोकाकडून पडतं, आणि ते टोक बाहेरून दिसतच नाही. आता उपाय म्हणजे सिमेंट खरवडून परत चुना करायचा, पण चुना आठवडेच्या आठवडे भिजवावा लागतो, पूर्वी बैलाच्या घाण्यावर वाळूसोबत दळायचे, गूळ, बेलफळाचं पाणी घालायचे, हे जाणणारे कारागीर शोधून आणायचे तर मजुरीच एवढी की काका आकडा सांगून गप्प झाले.

दुसरं भाड्याचं. खालचे तीन बिऱ्हाडं भाडेकरू आहेत, जुने, दोन पिढ्यांचे. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ देतो, म्हणजे शंभर रुपये भाडं असेल तर पुढल्या वर्षी एकशे चार. सगळं भाडं वर्षभर जमवून एका पावसाळ्याचे कवेलूसुद्धा होत नाहीत. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जड वाटलं, आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, अकरा नावं आहेत. काका, दोन भाऊ, बहिणी, वारलेल्या भावाची मुलं, त्यातली दोन पुण्याला, एक अमेरिकेत. दुरुस्ती करायची तर काका एकटे, विकायचं तर अकरा सह्या. हेरिटेजच्या यादीत नाव आलं तर श्रेणी एक, दोन का तीन, कशात किती बदल करता येतो, कुठली परवानगी, हे विचारायला ते एका ऑफिसात चार चकरा मारून आलेले, प्रत्येक वेळी वेगळा टेबल. "मला हा वाडा पाडायचा नाही आहे," काका म्हणाले, "पण तुमच्यासारखे लोक येऊन मीच पाडून राहिलो असं बोलतात ना, तेव्हा खरंच वाटते पाडून टाकावा."

यानंतर रूट बदलला. चौदाचे सहा थांबे केले. अडीच-तीन थांबे सोडले तर मला प्रत्येकाचं वाईट वाटलं, रुक्मिणीचं देऊळ वेगळ्या वॉकमध्ये टाकलं, टाउन हॉल नुसता लांबून. सिव्हिल लाइन्स जोडा म्हणून लोकांचा आग्रह असतो, तो ऐकला नाही, ते दुसरं शहर आहे, त्याला दुसरा दिवस द्या. वीस लोक, एकवीसवा आला तर पुढच्या खेपेला. साडेसहाला सुरू, साडेआठला बंद, दुकानं उघडायच्या आत. गांधी गेटाची माझी गोष्ट आठ मिनिटांत सांगायची, घड्याळ मैत्रिणीच्या हातात. माइक बंद, कारण माइकवर माणूस आपोआप भाषण करतो आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. खाजगी घरांपैकी फक्त ज्यांनी आपणहून हो म्हटलं तीच दोन ठेवली, त्यांच्याकडे आठवडाभर आधी जाऊन विचारायचं आणि आदल्या रात्री परत फोन, कारण घरात कोणी आजारी असू शकतं, पाहुणे असू शकतात. आत गेल्यावर फोन खिशात. बैलाचा फोटो काकांना विचारून.

आणि काकांच्या वाड्यापाशी मी बोलत नाही, काका बोलतात. पंधरा मिनिटं. तुळईला दोन ठिकाणी टिचकी मारून दाखवतात आणि लोकांना विचारतात कुठला आवाज चांगला. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या वॉकला एका शाळेच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की गेटची लढाई त्या विसरल्या पण तो पोकळ आवाज डोक्यातून जात नाही.

पण इथंही एक चूक राहिली, ती लिहिली पाहिजे. मी गेलो होतो फक्त मालकांकडे. दुसऱ्या वॉकच्या वेळी काका भाड्याचं बोलले आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात भाडेकरू काकू उभ्या होत्या, सगळं ऐकत. लोक गेल्यावर म्हणाल्या, "दादा, आमचं कोणी विचारलंच नाही. सासूबाई असताना आमच्याकडची भिंत आम्हीच बांधून घेतली, पावतीबिवती काही नाही त्याची. भाडं कमी आहे हे खरं, पण इतक्या वर्षांनी आम्ही जाऊन राहणार कुठं?" हेही खरंच होतं. एका ओसरीत उभं राहून एका बाजूचं ऐकवलं की दुसरी बाजू त्याच घरात खोटी पडते, आणि आमच्यामुळे त्या दोन घरांत आठवडाभर बोलणं बंद होतं, हे काकांनीच सांगितलं. त्यानंतर काका भाड्याचा विषय काढत नाहीत, तसं आमचं ठरलंय, आणि काकूंना वाटलं तर त्या बैलाबद्दल बोलतात, त्यांच्या मुलानं लहानपणी तो ओढत नेलेला असतो ना तान्ह्या पोळ्याला. मला विचाराल तर भाड्याचा विषय अर्धवट ठेवणं मनाला पटत नाही, वाडे का पडतात त्याचं निम्मं उत्तर तिथंच आहे. पण ते उत्तर दुसऱ्याच्या ओसरीत उभं राहून देण्याचा अधिकार मला नाही, म्हणून ते मी आता तलावाच्या काठावर, शेवटच्या थांब्यावर, कुठल्याच घराचं नाव न घेता सांगतो.

लोकांची तक्रार येतेच. पहिल्या वॉकला आलेले एक काका म्हणाले, फक्त सहा इमारती, यापेक्षा मी स्कूटरवर जास्त पाहीन. खरंय, पाहतील. एक-दोन इतिहासाचे अभ्यासक नाराज आहेत की राजघराण्याबद्दल कमी आणि भिंतींच्या ओलीबद्दल जास्त बोलतो आम्ही. त्यांच्यासाठी वेगळा वॉक करायची माझी खरंच इच्छा आहे, फक्त दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई आणि इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स यांच्या काळावर, होईल तेव्हा होईल.

यंदाच्या जुलैत वाड्याची मागची भिंत बोळाच्या बाजूनं खचली. कोणाला लागलं नाही. अकरापैकी सात जणांनी थोडे थोडे पैसे पाठवले, मैत्रिणीनं एका चुनेवाल्या गवंड्याचा पत्ता काढून दिला, त्यानं येऊन पाहिलं, काम दिवाळीनंतर करू म्हणाला. नोव्हेंबरचा पहिला वॉक ठरवताना मी काकांना विचारलं की यावेळी तुमचा थांबा सोडू का. ते म्हणाले सोडू नका, फक्त ओसरीत एकावेळी दहाच माणसं उभी करा, उजवीकडच्या तुळईला टेकू लावला आहे, आणि हो, आता टिचकी डावीकडच्या तुळईवर मारू.